शाळेत नीट चालणारा रोबोट स्पर्धेत का अडतो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या तुमच्या शाळेची आठवी ते दहावीतली सात मुलं-मुली यंदा पहिल्यांदाच फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी मुलांच्या रोबोट स्पर्धेत उतरली. प्रयोगशाळेत रोबोट ‘दहातून नऊ वेळा’ व्यवस्थित चालायचा. स्पर्धेत मात्र सहापैकी चार सामन्यांत तो एकतर सुरुवातीच्या स्वयंचलित भागात भरकटला, नाहीतर मध्येच मुका झाला. मुलं रडली. आता पालक म्हणतात महागडं किट घ्या, मुख्याध्यापक म्हणतात बाहेरून कोच आणा, आणि तुम्हाला कळायचंय की शाळेचे मोजके पैसे यातल्या कशावर घालावेत.

माझं मत विचाराल तर या वर्षी दोन्हींवर नको. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आणि गेली नऊ वर्षं संध्याकाळी आणि रविवारी शाळकरी संघांबरोबर बसतो. तुम्ही जे वर्णन केलंय ते मी जवळजवळ प्रत्येक नव्या संघात पाहिलंय. बहुतेक वेळा रोबोटची रचना ठीक असते, मुलंही हुशार असतात. फक्त रोबोट किती वेळा फसतो आणि नेमका कुठे फसतो, हे कोणी मोजलेलं नसतं.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. आठवड्याला मुलांना किती तास मिळतात, दहावीची किती जणं आहेत, बारा फूट बाय बारा फूट मैदान अंथरायला शाळेत जागा आहे का, प्रयोगशाळेची किल्ली रविवारी मिळते का. यातलं शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण मी किल्लीअभावी अख्खा मोसम वाया गेलेला पाहिलाय. शिवाय चार सामन्यांतले बिघाड एकाच कारणाचे होते की चार वेगळ्या कारणांचे, हे मला इथून सांगता येणार नाही. ते शोधायचं कसं, एवढं सांगू शकतो.

सुरुवात त्या ‘दहातून नऊ’पासून करू. आमच्या टूलरूममध्ये मशीन सेट केलं की पहिला पीस तपासणीला जातो. तो ओके आला म्हणून कोणी हजाराचा लॉट डोळे मिटून सोडत नाही. ठरावीक पिसांनंतर पुन्हा व्हर्निअर लागतो. मुलांना विचारा, हे नऊ मोजलेले आहेत की वाटलेले? बहुधा वाटलेले असतील. ‘ती एक फेरी धरू नका, तेव्हा बॅटरी उतरली होती’, ‘तेव्हा वायर निघाली होती’ असं म्हणत मुलं नकळत वाईट फेऱ्या वगळतात. स्पर्धेत त्या वगळता येत नाहीत.

आणि खरोखर दहातून नऊ धरले, तरी पुढचा हिशेब करा. समजा स्वयंचलित भागात रोबोटला पाच कामं ओळीने करायची आहेत: पुढे जाणं, वळणं, वस्तू उचलणं, ती टाकणं, परत येऊन उभं राहणं. प्रत्येक काम दहातून नऊदा जमतंय. पाचही एकापाठोपाठ जमण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ०.५९. शंभरातून एकोणसाठ वेळा. वर्गात हा गुणाकार फळ्यावर करून दाखवा. आठवीच्या मुलांना घातांक असतातच. मुलं गप्प होतात आणि मग आपणहून विचारतात, ‘सर, दोन कामं कमी केली तर?’ तर ०.७३. त्या क्षणापासून कामाची दिशा बदलते.

म्हणून पहिली गोष्ट एक वही. रोबोट जमिनीवर ठेवला की एक ओळ: तारीख, बॅटरीचं व्होल्टेज, कोणता प्रोग्राम, काय झालं, कुठे फसलं. सातांपैकी एका मुलाचं किंवा मुलीचं हेच काम. फसलेली फेरी खोडायची नाही. चाळीस-पन्नास ओळी झाल्या की वही बोलायला लागते. स्पर्धेत परीक्षकांना आपल्या कामाचा जास्तीत जास्त १५ पानांचा पोर्टफोलिओ देता येतो, त्याचा अर्धा ऐवज या वहीतूनच निघतो.

आता भरकटणं आणि मुकं होणं. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकच औषध देऊ नका.

भरकटण्याचं पहिलं कारण बहुधा बॅटरी असते. मुलांनी प्रोग्राम ‘इतके सेकंद पुढे जा’ अशा भाषेत लिहिला असेल तर तो बॅटरीच्या मर्जीवर चालतो. आपली १२ व्होल्टची बॅटरी ताजी चार्ज केलेली असताना १३ व्होल्टच्या वर असते आणि वापराबरोबर उतरत जाते. समजा प्रयोगशाळेत १३.५ वर मोजमाप जमवलं आणि स्पर्धेत सामन्याला उभे राहिलात तेव्हा १२.२ होते. मोटरचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात घटतो, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. १२० सेंटिमीटर जाणारा रोबोट दहा-बारा सेंटिमीटर अलीकडेच थांबेल. पुढचं वळण चुकलं, उचलणं चुकलं, सगळंच चुकलं. उपाय म्हणजे सेकंद सोडून एन्कोडरच्या, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, मोजणीवर या. उदाहरणार्थ गोबिल्डा कंपनीची ३१२ आरपीएमची (मिनिटाला ३१२ फेरे) मोटर बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला ५३७.७ टिक्स, म्हणजे मोजणीचे ठोके, देते. ९६ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ३०१.६ मिलिमीटर. मग १२० सेंटिमीटर म्हणजे जवळपास चार फेरे, सुमारे २१४० टिक्स. बॅटरी उतरली तर रोबोट थोडा उशिरा पोचेल, पण पोचेल तिथेच. वळणासाठी कंट्रोल हबमधल्या (रोबोटवरचा मुख्य संगणक) आयएमयूचा, म्हणजे रोबोट किती वळला ते सांगणाऱ्या सेन्सरचा, कोन वापरा. चाक घसरलं तर एन्कोडरही फसतो, हे मुलांना माहीत असू द्या. त्यावरचा उपाय म्हणजे मोटर न जोडलेली, फक्त मोजणारी चाकं. ती पुढच्या वर्षी.

दुसरं कारण प्रकाश. रंग ओळखणारा सेन्सर किंवा कॅमेरा वापरत असाल तर खिडकीशेजारच्या टेबलावर ठरवलेले आकडे मोठ्या हॉलच्या दिव्यांखाली लागू पडत नाहीत. सामन्याआधी मैदानावर मोजमापाची संधी मिळते तेव्हा नवे आकडे घेण्याचा छोटा प्रोग्राम आधीच लिहून ठेवा. प्रयोगशाळेतही पडदे लावून, पडदे उघडून, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली अशा तीन परिस्थितींत चालवून बघा.

मुकं होण्याकडे नाशिकच्या माणसाने जास्त लक्ष द्यावं. आपली थंडी कोरडी. डिसेंबरात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तसाच विद्युतभार रोबोटची चाकं फोमच्या टाइल्सवर फिरताना साचतो. मग रोबोट दुसऱ्या रोबोटला किंवा मैदानातल्या एखाद्या धातूला लागला की तो भार सांगाड्यातून सुटतो, कधी थेट इलेक्ट्रॉनिक्समधून जातो आणि संपर्क तुटतो. पावसाळ्यात कधी न दिसलेला बिघाड हिवाळी स्पर्धेत दिसतो तो यामुळे. कंट्रोल हब आणि वायरिंग धातूच्या सांगाड्यावर थेट न बसवता प्लायवूडच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवा, यूएसबी वायरवर फेराइट कोअर (विजेचे झटके शोषणारं कडं) लावा, आणि नियमात परवानगी असलेली रेझिस्टर असलेली ग्राउंडिंग पट्टी वापरा. त्या वर्षीचं नियमपुस्तक आधी वाचून मगच.

पण स्थिर विद्युतेला दोष देण्याआधी साध्या गोष्टी बघा. बॅटरीचा कनेक्टर ढिला आहे का? हाताने हलवल्यावर यूएसबी सुटते का? चालकांचं ड्रायव्हर हब, म्हणजे गेमपॅड ज्याला जोडतात ते यंत्र, पुरेसं चार्ज होतं का? एका संघाचा ‘रहस्यमय बिघाड’ शेवटी ड्रायव्हर हब सहा टक्क्यांवर असल्याचा निघाला होता. आणि कंट्रोल हबमध्ये सामन्यांचे लॉग, म्हणजे आपोआप झालेल्या नोंदी, राहतात. ते लगेच उतरवून घ्या. संपर्क कोणत्या सेकंदाला गेला ते त्यात दिसतं.

तिसरं दुखणं तुम्ही लिहिलेलं नाही, पण असणारच: स्क्रू. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघाचा हात वस्तू टाकताना दोन बोटं कमी पडायचा. दोन आठवडे मुलं प्रोग्राममधले आकडे बदलत होती. आज नीट, उद्या पुन्हा कमी. एका मुलाचे आजोबा ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, नातवाला न्यायला आले होते. पाच मिनिटं काही न बोलता रोबोटकडे बघत उभे राहिले. मग हाताच्या शाफ्टवरच्या हबकडे, म्हणजे हाताला शाफ्टशी जोडणाऱ्या धातूच्या कड्याकडे, बोट दाखवून मेकॅनिकल बघणाऱ्या मुलीला म्हणाले, “बाळा, हा स्क्रू काल कुठे होता?”

“इथेच.”

“कशावरून?”

तिच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी सांगितलं की विमानाचा बोल्ट आवळला की बोल्टच्या माथ्यावरून शेजारच्या भागावर रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट हलला की रेघ तुटते, लांबूनही दिसतं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी घरून लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन आली आणि सगळ्या हबवर, सगळ्या ग्रब स्क्रूंवर (हबला शाफ्टवर दाबून धरणारे बिनमाथ्याचे स्क्रू) बारीक रेघा ओढल्या. वीस फेऱ्यांनंतर हाताच्या शाफ्टवरची रेघ दुभंगली होती, बाजरीच्या दाण्याएवढं अंतर पडलं होतं. बाकी एकही रेघ हलली नव्हती. हब शाफ्टवर सरकत होता आणि आम्ही प्रोग्रामला शिव्या घालत होतो. ग्रब स्क्रूचा हब काढून आवळून बसणारा क्लॅम्पिंग हब लावला, बाकी ठिकाणी निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) आणि नायलॉनचं कडं असलेले नायलॉक नट. मात्र लॉकटाइट प्लॅस्टिकच्या भागांजवळ लावू नका, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात. आजही आमच्या पेटीत नेलपॉलिश असतं, आणि प्रत्येक सामन्यानंतर एक जण फक्त रेघा बघतो.

आता वेळापत्रक. या स्पर्धेचा खेळ सप्टेंबरात जाहीर होतो. मग गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी, आणि बघता बघता डिसेंबर. दहावीच्या मुलांना जानेवारीत पूर्वपरीक्षा आहेच. तुम्ही स्पर्धेच्या तारखेपासून उलटं मोजा आणि चार आठवडे आधी एक तारीख ठरवून फळ्यावर लिहा: या दिवसानंतर नवा भाग नाही. मोडलेलं दुरुस्त करायचं, ढिलं आवळायचं, प्रोग्राममध्ये आकडे जुळवायचे, पण नवी कल्पना वहीत जाईल आणि पुढच्या वर्षी बाहेर येईल. ही तारीख पाळायला सगळ्यात कठीण. हुशार मुलाला आदल्या रात्री भन्नाट काहीतरी सुचतंच आणि त्याचे डोळे चमकत असतात. नाही म्हणताना जीव तुटतो. तरी नाही म्हणा. तुमच्या संघाने शेवटचा बदल केव्हा केला होता हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज, स्पर्धेच्या आठवड्यात.

‘मग रोबोट साधा राहील, जिंकणार कसा?’ असं पालक विचारतील. त्यांना स्पर्धेची रचना समजावून सांगा. प्रत्येक सामन्यात दोन संघ मिळून दोन संघांविरुद्ध खेळतात. ३० सेकंद स्वयंचलित, मग दोन मिनिटं मुलांनी चालवायचं. प्राथमिक फेऱ्यांत जोडीदार आयोजक ठरवतात, पण बाद फेरीला वरच्या क्रमांकाचे संघ आपला जोडीदार स्वतः निवडतात. निवडताना ते काय बघतात? मी या निवडीच्या वेळी मुलांच्या शेजारी उभा राहिलोय. ‘त्यांचा हात उंच जातो, पण दोनदा बंद पडले’ आणि ‘ते एकच काम करतात, पण सहाच्या सहा सामन्यांत केलं’ या दोघांत मुलं दुसऱ्याला बोलावतात. एक काम दर वेळी करणारा रोबोट क्रमवारीत मधोमध असूनही अशा निवडीने पुढे जातो.

त्या चार आठवड्यांत करायचं काय, तर पूर्ण सामने. रोबोट ठेवणं, हात मागे घेणं, घड्याळ लावणं, अडीच मिनिटं, बंद. मध्ये हात लावायचा नाही. प्रत्यक्षातले दोन चालक, एक ह्यूमन प्लेअर (मैदानाबाहेरून खेळाच्या वस्तू हाताळणारा), एक विद्यार्थी-कोच आपापल्या जागी. दुसरा रोबोट नसेल तर एखाद्या मुलाला पुठ्ठ्याचं खोकं घेऊन मैदानात गुडघ्यांवर फिरू द्या, वाटेत येऊ द्या, हलकेच धडकू द्या. आवाज असू द्या. वर्गातली बाकीची मुलं बोलावून ओरडायला सांगा, ती आनंदाने येतील. आमचं लक्ष्य असं असतं: सलग दहा पूर्ण सामने, रोबोट एकदाही न थांबता. नवव्याला थांबला तर पुन्हा एकपासून. पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. तिसऱ्या आठवड्यात सातव्या-आठव्या सामन्याला खोलीत जी शांतता पसरते ती बघायला तुम्ही तिथे असाच.

चालक कोण हे लवकर ठरवा आणि बदलू नका. सगळ्यात जास्त व्हिडिओ गेम खेळणारा नव्हे, चूक झाल्यावर ज्याचे हात शांत राहतात तो. माझ्या अनुभवात असं मूल बरेचदा कमी बोलणारं असतं आणि हात वर करत नाही. प्रत्येकाला पाच-पाच सामने देऊन वहीतल्या नोंदींवरून निवडा, म्हणजे कोणाला डावललं असं वाटत नाही.

पैशांचं म्हणाल तर किटवर न घालता या गोष्टींवर घाला: आणखी दोन बॅटऱ्या आणि साधा मल्टिमीटर, जास्तीचे सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरी) आणि त्यांच्यावर बसणारे हॉर्न, प्रत्येक वायरची एक जोडी, निदान अर्ध्या मैदानाच्या फोम टाइल्स. गुळगुळीत लादीवर सराव करून फोमवर खेळणं म्हणजे विहिरीत पोहायला शिकून पुरात उतरणं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथला थ्रीडी प्रिंटर वापरा. सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच ती योजना २०१६ साली सुरू झाली. फक्त छापताना बघा की जोर थरांच्या आडवा येत नाही ना, भाग थरांवरच फाटतात. आणि पीएलए या छपाईच्या प्लॅस्टिकचा भाग साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीत रोबोट ठेवू नका. पट्ट्या आणि प्लेट्स कापायला अंबड-सातपूरच्या लेझर कटिंगवाल्यांकडे मुलांना स्वतः ड्रॉइंग घेऊन पाठवा, सोबत कोणी मोठं माणूस असू द्या. ड्रॉइंगवर माप चुकलं तर पार्ट चुकतो, हे तिथे एका फेरीत कळतं.

कोचबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. पाच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत सामन्याला चार मिनिटं उरली होती आणि चाकाचा हब ढिला निघाला. नववीतला एक मुलगा ॲलन की घेऊन बसला होता, हात थरथरत होते. मी त्याच्या हातातून की घेतली, आवळलं, रोबोट मैदानात गेला, सामना जिंकला. तासाभराने परीक्षक आमच्या टेबलाशी आले आणि त्याला विचारलं की इथे काय बदललंत. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि नंतरही नाही. ती की मी त्याच्या हातात राहू द्यायला हवी होती. सामना हरलो असतो तरी चाललं असतं. तेव्हापासून माझा नियम असा की स्पर्धेच्या दिवशी माझ्या खिशात पेन असतं, हत्यार नाही.

म्हणून बाहेरून कोच आणणार असाल तर त्याला एवढंच विचारा: रोबोट बिघडला की तुम्ही काय करता? ‘दुरुस्त करतो’ म्हणाला तर नको. खरं तर पैसे देऊन कोच आणायची नाशिकला गरजच नाही. सातपूर, अंबड, ओझरला आयुष्य काढलेली निवृत्त माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत, अभियांत्रिकी कॉलेजची मुलं आहेत. महिन्यातून दोन रविवार त्यांना बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या, आणि सांगा की प्रश्न विचारायचे, हात लावायचा नाही. प्रोग्रामिंगचं तुम्हाला काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय. चालेल. ‘कशावरून?’ एवढं विचारत राहणारी बाई संघात असली की निम्मं काम होतं.

प्रवासाचं राहिलं. स्पर्धेला बाहेरगावी जावं लागतं. सिन्नर-संगमनेरच्या रस्त्याने पुण्याला जायचं तर पाच-सहा तास गाडी हादरत असते, आणि प्रत्येक हादरा स्क्रूवर काम करत असतो. रोबोट फोम घातलेल्या खोक्यात न्या, बॅटरी काढून ठेवा, पोचल्यावर आधी नेलपॉलिशच्या रेघा बघा आणि मगच तपासणीच्या रांगेत उभे राहा. सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात बसलाच पाहिजे. वाटेत वाकलेली एखादी पट्टी तिथे अडवते. सामन्याआधीची तपासणी एका कागदावर लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून ‘आहे’ म्हणायचं. बॅटरी, कनेक्टर, यूएसबी, ड्रायव्हर हब, प्रोग्राम कोणता निवडलाय, रेघा. दीड मिनिटात होतं.

पण हे सगळं पुढचं. उद्या मुलं भेटतील तेव्हा किटचा आणि कोचचा विषय काढूच नका. सातही जणांना एकेक कोरा कागद द्या आणि त्या चार सामन्यांत नेमकं काय झालं ते एकमेकांशी न बोलता लिहायला सांगा: कितव्या सेकंदाला, रोबोट कुठे होता, आधी काय थांबलं. मग सातही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा. जिथे दोघांचं म्हणणं जुळत नाही, तिथे पेन्सिलने गोल करा आणि पहिली चाचणी तिथूनच घ्या.